फेरस सल्फेटची साधी गोळी : शस्त्रक्रियेपूर्वीच्या दहा आठवड्यांचा अनुभव

गर्भाशयातील गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी दहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, त्या दिवशी माझे हिमोग्लोबिन ९.६ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा) ७ होते. भूलतज्ज्ञांनी रिपोर्टवरून नजर वर करून पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला बर्फ खावासा वाटतो का?" मी चपापले, कारण गेले वर्षभर मी फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे जवळजवळ रोज रिकामा करत होते आणि ती आपली एक विचित्र सवय आहे, एवढेच समजत होते. बर्फ कडाकडा चावण्याची ही ओढ लोहाच्या कमतरतेत अनेकांना लागते, असे त्यांनी सांगितले आणि फेरस सल्फेटच्या गोळ्या लिहून दिल्या. हे परीक्षण त्या गोळीचे आहे. ती मी घेतली, मध्ये चार दिवस कोणालाही न सांगता बंद केली, मग वेगळ्या पद्धतीने पुन्हा सुरू केली आणि शेवटी तिच्यावरच निभावून नेले. तिच्याविषयी बरे आणि वाईट दोन्ही सांगता येईल एवढा आमचा सहवास झाला आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्त वाढवण्याची एवढी घाई कशाला, लागलेच तर चढवतील की, असा माझा सरळ हिशोब होता. तो भूलतज्ज्ञांनी खोडून काढला. टेबलावर जातानाच हिमोग्लोबिन कमी असेल, तर रक्त चढवावे लागण्याची शक्यता वाढते आणि अशा रुग्णांमध्ये जंतुसंसर्ग व रुग्णालयातला लांबलेला मुक्काम यांचे प्रमाणही जास्त आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेले की रक्तक्षय मानतात आणि पुरुषांमध्ये ही रेषा १३ वर आहे. शस्त्रक्रियेच्या बाबतीत मात्र २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय निवेदनाने स्त्री-पुरुष दोघांसाठीही १३ हेच लक्ष्य सुचवले आहे. त्यामागचे कारण मला पटले : स्त्रीच्या शरीरात रक्ताचा एकूण साठाच कमी असतो, त्यामुळे तेवढाच रक्तस्राव तिला अधिक जड जातो. मग तिची सुरुवात खालच्या पायरीवरून का व्हावी?

केवळ आहाराने हे काम दहा आठवड्यांत का होणार नाही, तेही आकड्यांतच दडलेले आहे. निरोगी प्रौढ शरीर आहारातून दिवसाला साधारण १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषते, आणि अर्धा लिटर रक्त गेले तर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह एका झटक्यात जाते. कमतरता असताना शोषण वाढते हे खरे, तरीही दर महिन्याला गळणारा साठा ताटातल्या भाजीने भरून निघत नाही. रक्तस्राव आटोक्यात ठेवण्यासाठी मला ट्रानेक्झॅमिक ॲसिडही सुरू केले होते, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. गळती चालूच ठेवून नुसते वरून ओतत राहिले असते, तर गोळीचे यश एवढे दिसले नसते.

आता खुद्द गोळीकडे येते. माझी पहिली तक्रार तिच्या वेष्टनाविषयी आहे. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते २०० मिलिग्रॅम, पण ते वजन क्षाराचे, म्हणजे लोहाच्या संपूर्ण संयुगाचे. शुष्क फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असते. फेरस फ्युमरेट या लोहाच्या दुसऱ्या क्षारात ते वजनाच्या सुमारे एक तृतीयांश असते, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. म्हणजे ३०० मिलिग्रॅम ग्लुकोनेटमधून लोह मिळते ३५ मिलिग्रॅमच्या आसपास. 'ही गोळी मला अजिबात त्रास देत नाही' असे कोणी कौतुकाने सांगते, तेव्हा पुष्कळदा तिच्यात लोहच कमी असते. दोन गोळ्यांची तुलना करायची असेल तर प्रत्यक्ष लोहाचा आकडा शोधावा, जो बहुधा पट्टीच्या मागे, घडी न उलगडणाऱ्या माहितीपत्रकाच्या टाइपात, असतो.

मला सकाळी एक आणि रात्री एक अशी दिवसाला दोन गोळ्यांची मात्रा दिली होती. पहिले दोन दिवस काही जाणवले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने मळमळ सुरू झाली. तोंडात सतत एखादे नाणे धरून ठेवल्यासारखी चव राहू लागली. पाचव्या दिवसापासून पोट साफ होईना आणि नाभीभोवती मुरडा येऊ लागला. सातव्या रात्री मी अर्धवट झोपेत, बिछान्यातच कोपरावर रेलून, एका घोटाबरोबर गोळी गिळली आणि लगेच आडवी झाले. ती छातीच्या मधल्या हाडामागे अडकली असावी, कारण पहाटेपर्यंत तिथे निखारा ठेवल्यासारखी जळजळ होत होती आणि ओकारीबरोबर गंजाची चव वर येत होती. यात दोष गोळीचा नव्हता, माझा होता. लोहाची गोळी अन्ननलिकेत किंवा जठरात एका जागी टेकून विरघळली तर तिथल्या अस्तराला इजा करू शकते. ती बसून किंवा उभे राहून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर निदान अर्धा तास तरी आडवे व्हायचे नसते. हे वाक्य पाकिटाच्या दर्शनी भागावर छापण्याच्या लायकीचे आहे.

याच आठवड्यात शौचाचा रंग काळा झाला. मला कोणी पूर्वसूचना दिली नसती तर मी घाबरून तातडीच्या विभागात गेले असते; सूचना मिळालेली असूनही मी रुग्णालयात फोन केलाच. पलीकडच्या डॉक्टरांनी शांतपणे विचारले, "डांबरासारखं चिकट आहे का? चकचकीत दिसतं का? वास नेहमीपेक्षा फार उग्र येतो का? चक्कर येते का?" माझी सगळी उत्तरे नाही अशी होती. लोहामुळे येणारा रंग गडद हिरवट-काळा असतो आणि मळ एरवीसारखाच बांधलेला असतो. पोटात रक्तस्राव झाला तर येणारा मळ चिकट, डांबरासारखा आणि दुर्गंधीयुक्त असतो, आणि तसे दिसले तर गोळीवर खापर न फोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. हा फरक गोळी सुरू करतानाच माहीत असावा, कारण काळा रंग जवळजवळ प्रत्येकाला दिसतो.

नवव्या दिवशी मी गोळी बंद केली. कोणाला सांगितले नाही, कारण रक्तवाढीची गोळी सोसत नाही ही तक्रार तक्रार म्हणून कोणी ऐकेल, असे मला वाटत नव्हते. ही समजूत चुकीची निघाली. ४३ चाचण्यांमधील ६,८३१ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये केलेल्या विश्लेषणात फेरस सल्फेटमुळे पोटाचे त्रास निष्क्रिय (औषध नसलेल्या) गोळीच्या तुलनेत लक्षणीयरीत्या जास्त आढळले आहेत. म्हणजे हा रुग्णाचा नाजूकपणा नाही, औषधाचा स्वभाव आहे. चार दिवसांनी अपराधी मनाने मी फोनवर कबुली दिली, तेव्हा भूलतज्ज्ञ रागावले नाहीत. त्यांनी मात्राच निम्म्याहून कमी केली. दिवसाआड एक गोळी, सकाळी, बस्स.

दहा आठवड्यांतली ही एक सूचना मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिच्यामागचे शरीरशास्त्र कळल्यावर तर अधिकच. गोळीतल्या ६५ मिलिग्रॅमपैकी थोडाच भाग लहान आतड्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात शोषला जातो, उरलेले लोह पुढे सरकते आणि मळमळ, मुरडा, बद्धकोष्ठता, काळा रंग ही बरीचशी त्या न शोषलेल्या लोहाची करामत असते. शिवाय गोळी पोटात गेल्यावर यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढवते, जे लोहाची आत येण्याची वाट सुमारे २४ तास अरुंद करून ठेवते. या अवस्थेत दुसरी गोळी घेतली तर तिचा आणखी लहान हिस्सा रक्तात जातो आणि आणखी मोठा हिस्सा आतड्यात राहून त्रास देतो. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१७ मध्ये लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात रोज गोळी घेणाऱ्यांमध्ये सुमारे १६ टक्के, तर दिवसाआड घेणाऱ्यांमध्ये सुमारे २२ टक्के लोह शोषले गेले. मी सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेत होते तेव्हा प्रत्यक्षात रक्तापेक्षा आतड्यालाच लोह भरवत होते.

तरीही दिवसाआडची पद्धत सर्वांनी डोळे झाकून उचलू नये. दर गोळीमागे शोषण वाढते, पण गोळ्याच निम्म्या होत असल्याने दर आठवड्याला मिळणारे एकूण लोह रोजच्या पद्धतीपेक्षा कमी भरू शकते. माझ्या हातात दहा आठवडे होते, म्हणून हा सौदा परवडला. शस्त्रक्रिया तीन आठवड्यांवर आली असेल तर हिशोब निराळा असतो आणि तो डॉक्टरांनीच मांडायचा असतो.

मात्रा बदलल्यावर आठवड्याभरात मळमळ गेली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी एक दिवस सोडून एक गोल काढून ठेवले आणि गोळी घेतली की त्यात फुली मारत असे, कारण दिवसाआडच्या औषधाचा एकमेव मोठा दोष म्हणजे 'काल घेतली की परवा?' हा घोळ. गोळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर दीड-दोन तास चहा नाही, हा नियम मला सर्वांत जड गेला. पण चहा-कॉफीतील घटक लोहाला बांधून ठेवतात, आणि दूध, कॅल्शियमच्या गोळ्या व आम्लपित्तावरची औषधेही शोषणाच्या आड येतात. ज्यांना रिकाम्या पोटी घेतल्यास कितीही केले तरी मळमळते, त्यांनी थोड्या खाण्याबरोबर घ्यावी. शोषण कमी होईल, पण पोटात टिकलेली गोळी पाकिटात राहिलेल्या गोळीपेक्षा नक्कीच उपयोगी. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांनी दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर ठेवायचे असते, आणि काही प्रतिजैविकांच्या बाबतीतही असेच अंतर लागते. म्हणून आपल्या सगळ्या गोळ्यांची यादी एकदा डॉक्टरांसमोर ठेवलेली बरी.

गोळीबरोबर क जीवनसत्त्व घ्यावेच, असा आग्रह मला चार जणांनी चार वेळा केला. २०२० मध्ये लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेल्या ४४० प्रौढांवर झालेल्या चाचणीत लोह आणि क जीवनसत्त्व एकत्र घेणाऱ्यांचे हिमोग्लोबिन नुसते लोह घेणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले नाही. ज्यांना आवडते त्यांनी गोळीबरोबर संत्र्याचा रस प्यावा, पण त्यासाठी आणखी एक पाकीट विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही.

बद्धकोष्ठता मात्र मात्रा कमी करूनही पूर्णपणे गेली नाही. पाणी वाढवले, रोज अर्धा तास चालले, आहारात तंतू वाढवले. फरक पडला, पण अर्धाच. मग रात्री झोपण्यापूर्वी इसबगोल सुरू केले, तेही गोळीच्या वेळेपासून बरेच लांब, कारण तंतूही लोहाला धरून ठेवू शकतात. एवढ्यावर भागले नसते तर लॅक्टुलोज किंवा मॅक्रोगॉलसारखे, मळात पाणी धरून ठेवणारे औषध देऊ, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. या प्रश्नाची लाज बाळगून गप्प बसू नये, कारण शस्त्रक्रियेनंतर मिळणारी ओपिऑइड (अफूसदृश) गटातील वेदनाशामके आतडे आणखी मंद करतात आणि आधीच तुंबलेले पोट घेऊन ऑपरेशनला गेलेल्या माणसाला टाके पडलेल्या पोटाने जोर करण्याची वेळ येते.

दुसऱ्यांदा गोळ्या आणायला गेले, तेव्हा औषधाच्या दुकानात मला 'पोटाला सोसणारी, वेगळ्या आवरणाची' गोळी परस्पर बदलून दिली. घरी आल्यावर पट्टी पाहिली आणि तशीच परत नेली. जठरात न विरघळणारे आवरण असलेल्या आणि हळूहळू लोह सोडणाऱ्या गोळ्या कमी त्रास देतात हे खरे, पण त्याचे एक कारण असे की, लोह सुटते तोवर त्या शोषणाची मुख्य जागा ओलांडून पुढे गेलेल्या असतात. सोसते, पण लागू पडत नाही, असा हा प्रकार. विक्रेत्याचा हेतू चांगला असेलही. तरी लिहून दिलेला क्षार आणि प्रकार दुकानात बदलून घेऊ नये.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. द्रवरूप लोह पंधरा दिवस घेऊन पाहिलेल्या माझ्या बहिणीच्या मते मात्रा हळूहळू वाढवण्यासाठी ते उत्तम, पण दातांवर काळसर डाग पडतात. ते पाण्यात मिसळून नळीने प्यावे आणि लगेच चूळ भरावी. आयर्न पॉलिमाल्टोज हा लोहाचा आणखी एक प्रकार पोटाला सौम्य आहे आणि जेवणाबरोबर घेता येते. ज्यांना कोणतीच गोळी सोसत नाही, किंवा शस्त्रक्रिया सहा आठवड्यांच्या आत आहे, त्यांच्यासाठी शिरेतून दिले जाणारे लोह असते. त्यातही सगळे सुखाचे नाही : सुईच्या जागी औषध बाहेर झिरपले तर त्वचेवर दीर्घकाळ टिकणारा तपकिरी डाग राहू शकतो, क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते म्हणून नंतर अर्धा तास देखरेखीखाली बसवतात, आणि फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज या शिरेतून देण्याच्या लोहाच्या एका प्रकारामुळे काहींच्या रक्तातील फॉस्फेट घसरते. शिवाय ब्रिटनमध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या ४८७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिव्हेंट या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या १० ते ४२ दिवस आधी शिरेतून लोह देऊनही रक्त चढवण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. हिमोग्लोबिन मात्र शस्त्रक्रियेनंतर आठ आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी जास्त होते. यावरून मी माझ्यापुरता काढलेला अर्थ असा की, लोह कोणत्याही वाटेने द्या, त्याला वेळ द्यावाच लागतो.

आणखी दोन गोष्टी मला गंभीरपणे सांगायच्या आहेत. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी दिसले म्हणून स्वतःच्या मनाने ही गोळी सुरू करू नये. थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकाराच्या वाहकांमध्येही हिमोग्लोबिन कमी आणि रक्तपेशी लहान दिसतात, पण त्यांच्यात लोहाची कमतरता असेलच असे नाही. फेरिटिन पाहिल्याशिवाय हे उलगडत नाही. ते ३० च्या खाली असेल तर कमतरता जवळपास निश्चित, आणि शरीरात दाह असेल तर आकडा फसवा वर दिसतो, हेही डॉक्टर लक्षात घेतात. दुसरी गोष्ट मुलांची. लाल-तपकिरी, गुळगुळीत, चॉकलेटच्या गोळीसारखी दिसणारी ही गोळी लहान मुलाने मूठभर खाल्ली तर जीवघेणी ठरू शकते. माझी पट्टी दहा आठवडे कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, कुलपात होती.

आकडे सांगायचे तर चौथ्या आठवड्याच्या शेवटी हिमोग्लोबिन १०.७ झाले आणि नवव्या आठवड्यात १२.२. बर्फाची ओढ मात्र त्याच्या कितीतरी आधी, तिसऱ्या आठवड्यातच, एके दिवशी लक्षात आले की संपली आहे. ट्रे भरलेला तसाच होता. १३ चे लक्ष्य मी गाठले नाही. भूलतज्ज्ञांनी एवढ्यावर संमती दिली, शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळची गोळी टाळायला सांगितली आणि रक्त चढवण्याची वेळ आली नाही. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी ज्यांना करायची असते, त्यांना ही गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, कारण काळा मळ आतड्याच्या भिंतीला धरून राहतो. माझ्या बाबतीत तो प्रश्न नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर लगेच गोळी सुरू करण्यात अर्थ नसतो, कारण जखमेमुळे शरीरात दाह असताना हेप्सिडिन वाढलेलेच असते. मी तिसऱ्या आठवड्यात, पोट नियमित झाल्यावर, पुन्हा दिवसाआड सुरू केली. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी आणखी सुमारे तीन महिने ती घ्यायची असते. काल फेरिटिनचा नवा रिपोर्ट आला : ३८. दिनदर्शिकेवरचे गोल अजून महिनाभर पुढे काढून ठेवले आहेत. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर गोळीला चार आणि तिच्या माहितीपत्रकाला एक.